खाण नसलेल्या खाण कंपन्या

मार्च 1997. कॅनडातल्या टोरोंटो शहरात खनिज-शोधकांचे वार्षिक संमेलन भरले होते. त्यात जॉन फेल्डरहॉफ या भूवैज्ञानिकाचा वर्षातला सर्वोत्तम शोधक म्हणून गौरव झाला. बोर्निओच्या इंडोनेशियन भागात, बुसांग नावाच्या जंगलात, त्यांच्या कंपनीला जगातल्या सर्वांत मोठ्या सोन्याच्या साठ्यांपैकी एक सापडल्याचे सांगितले जात होते. तो महिना संपायच्या आत बातमी आली की बुसांगमध्ये काढण्याजोगे सोनेच नाही. सहा अब्ज कॅनेडियन डॉलरहून अधिक बाजारमूल्य गाठलेली ब्री-एक्स मिनरल्स ही कंपनी काही आठवड्यांत मातीमोल झाली.

ब्री-एक्सची कथा जगभर घोटाळा म्हणून सांगितली जाते आणि तो घोटाळा होताच. पण या धंद्यात पैसा घालणाऱ्याने किंवा नोकरी धरणाऱ्याने ती निव्वळ चोराची गोष्ट म्हणून वाचू नये. ज्या रचनेत ती घडली, ती रचना आजही कायदेशीर आहे, चालू आहे आणि बऱ्याच अंशी उपयोगीही आहे. त्या रचनेचे नाव ज्युनिअर मायनिंग.

धंदा नेमका कशाचा?

खाण उद्योगात ढोबळमानाने दोन थर असतात. वरच्या थरात बड्या कंपन्या. त्यांच्या खाणी चालू असतात, त्या धातू विकतात आणि त्यातून नफा कमावतात. खालच्या थरात ज्युनिअर. यांच्याकडे बहुतेक वेळा एकही चालू खाण नसते. असतो तो कुठल्यातरी डोंगराळ, दुर्गम मुलखातल्या जमिनीवर खनिज शोधण्याचा परवाना, चार-सहा भूवैज्ञानिक, एक छोटे कार्यालय आणि शेअर बाजारातली नोंदणी. कॅनडाचे व्हेंचर एक्स्चेंज आणि ऑस्ट्रेलियाचा शेअर बाजार ही अशा कंपन्यांची दोन मोठी ठिकाणे.

विक्री नाही म्हणजे उत्पन्न नाही. मग पगार, हेलिकॉप्टर, ड्रिलिंगचे यंत्र, प्रयोगशाळेचे बिल हे सगळे भागते कशातून? नवे शेअर विकून. इथेच या धंद्याची मेख आहे. पोलाद कंपनी पोलाद विकते, साखर कारखाना साखर विकतो, ज्युनिअर कंपनी शेअर विकते. धातू हाती आलाच तर तो दहा-पंधरा वर्षांनी, आणि बहुधा तोवर कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतलेली असते. त्यामुळे कंपनीच्या प्रत्येक निवेदनाला दोन वाचक असतात, एक भूवैज्ञानिक आणि दुसरा पुढचा शेअर विकत घेणारा. दुसऱ्यासाठी लिहिण्याचा मोह फार मोठा असतो.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा व्यवहार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवायची, कर्ज काढून बोअर मारायचा, तीनशे फुटांवर नुसता फुफाटा उडाला की गाडी दुसऱ्या जागी सरकवायची. फरक इतकाच की इथे बोअरचे पैसे दूर कुठेतरी बसलेला भागधारक देतो आणि पाणाड्याचा पगार पाणी लागो न लागो चालूच राहतो.

बड्या कंपन्यांना ही सोय परवडते. शंभर ठिकाणी शोधून नव्याण्णव ठिकाणी हात हलवत परत येण्याचा खर्च दुसरे कुणी करत असेल, तर आपण शंभराव्या ठिकाणी चढा भाव मोजून आत शिरावे, हे त्यांचे गणित. ते चुकीचे नाही. चुकते ते त्या नव्याण्णव ठिकाणी पैसे घातलेल्यांचे.

खडकापासून बातमीपर्यंत

धोका कुठे शिरतो हे पाहायचे तर एका नमुन्याचा प्रवास पाहावा लागतो. हिऱ्याचे दात बसवलेला पोकळ पाइप फिरत फिरत खडकात उतरतो आणि त्यातून मनगटाएवढ्या जाडीचा दंडगोल बाहेर येतो. याला कोअर म्हणतात. कोअरचे तुकडे क्रमाने लांबट पेट्यांत मांडले जातात, प्रत्येक टप्प्यावर खोलीची खूण घातली जाते. भूवैज्ञानिक ते निरखून नोंदी करतो. मग करवतीने कोअर उभा चिरतात. अर्धा भाग पेटीत जपून ठेवतात, उरलेला अर्धा क्रमांक घातलेल्या पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवतात. पिशव्यांच्या रांगेत मुद्दाम काही निव्वळ दगडाच्या आणि काही आधीच सोन्याचे प्रमाण ठाऊक असलेल्या पिशव्याही सरकवतात. प्रयोगशाळा झोपली नाही ना, हे त्यावरून कळते.

प्रयोगशाळेत दगडाची पूड होते. त्यातली तीस-पन्नास ग्रॅम पूड शिशाच्या ऑक्साइडबरोबर मुशीत हजारेक अंश तापमानाला वितळवतात. वितळलेले शिसे सोने-चांदी गोळा करून तळाशी बसते. नंतर शिसे शोषून घेणाऱ्या छोट्या वाटीत ते पुन्हा तापवले की उरतो मौल्यवान धातूचा सूक्ष्म मणी. चांदी आम्लात विरघळवून सोने मोजले की आकडा तयार. टनामागे इतके ग्रॅम.

हा आकडा खरा असूनही वाचकाची दिशाभूल करू शकतो. समजा, बोअरमध्ये फक्त दोन मीटरची एक शीर सापडली आणि तीत टनामागे 40 ग्रॅम सोने आहे. वर-खाली सगळा फुकट दगड. आता निवेदनात 80 मीटरची लांबी धरली, तर सरासरी येते बरोबर टनामागे 1 ग्रॅम. ‘80 मीटर, 1 ग्रॅम’ हे वाक्य वाचून वाटते की भलामोठा, सलग साठा हाती लागला. प्रत्यक्षात आहे ती दोन मीटरची पट्टी. दुसरी खोच म्हणजे कोन. शीर तिरकी असेल आणि बोअर तिच्याच दिशेने उतरला असेल, तर कागदावरची लांबी खऱ्या जाडीच्या कैकपट भरते. चांगली कंपनी खरी जाडी सांगते आणि सरासरीच्या पोटातला श्रीमंत भाग वेगळा काढून दाखवते. ज्या निवेदनात या दोन गोष्टी नसतात, ते पुन्हा एकदा सावकाश वाचावे.

बुसांगमध्ये काय झाले

ब्री-एक्सचे संस्थापक डेव्हिड वॉल्श हे कॅल्गरीचे शेअर-व्यावसायिक. धंदा बसून त्यांच्यावर वैयक्तिक दिवाळखोरी जाहीर करण्याची वेळ आली होती. 1993मध्ये फेल्डरहॉफ यांच्या सल्ल्याने त्यांनी सुमारे 80 हजार अमेरिकी डॉलरना बुसांगचा हक्क घेतला. त्याआधी एका ऑस्ट्रेलियन कंपनीने तिथे ड्रिलिंग करून नाद सोडलेला होता. जागेवरचे काम फिलिपिनो भूवैज्ञानिक मायकेल दे गुझमान यांच्याकडे होते.

मग आकडे वाढत गेले. सुरुवातीचा अंदाज वीस लाख औंसांच्या आसपास. 1995मध्ये तीन कोटी औंस. 1997च्या सुरुवातीला सात कोटी. सात कोटी औंस म्हणजे जवळपास 2,200 टन. आपल्या कोलार गोल्ड फील्ड्समधून सव्वाशे वर्षांत निघालेले सोने आठशे टनांच्या घरात जाते, यावरून या दाव्याचा आवाका लक्षात यावा. शेअर काही सेंटांवरून निघाला आणि त्याने 280 डॉलरचा टप्पा ओलांडला. इंडोनेशियात सुहार्तोंची राजवट होती. अध्यक्षांच्या कन्येपासून त्यांचे निकटचे उद्योगपती बॉब हसन यांच्यापर्यंत सगळे या साठ्यात वाटा मिळवण्यासाठी पुढे सरसावले. बॅरिकसारखी बडी कंपनी मागे लागली. अखेर फेब्रुवारी 1997मध्ये वाटणी ठरली आणि खाण उभारण्यासाठी फ्रीपोर्ट-मॅकमोरॅन ही अमेरिकी कंपनी आत आली.

फ्रीपोर्टने जे केले ते अगदी साधे होते. ब्री-एक्सच्या बोअरच्या लगतच तिने आपले बोअर मारले. त्यांत सोने जवळपास निघालेच नाही. 19 मार्चला दे गुझमान बुसांगकडे निघालेल्या हेलिकॉप्टरमधून जंगलात कोसळून मरण पावले. तो आत्महत्येचा प्रकार मानला गेला, पण त्यावरची कुजबुज कधीच थांबली नाही. 26 मार्चला फ्रीपोर्टचा निष्कर्ष जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी शेअरची किंमत काही मिनिटांत ऐंशी टक्क्यांहून अधिक कोसळली आणि विक्रीच्या लोंढ्याने टोरोंटो शेअर बाजाराची संगणक यंत्रणाही कोलमडली. 4 मे रोजी स्ट्रॅथकोना या स्वतंत्र सल्लागार संस्थेचा अहवाल आला. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते, हे त्यात स्पष्ट झाले.

मिसळायला किती सोने लागले असेल? दहा किलोच्या नमुन्यात टनामागे 3 ग्रॅम सोने दाखवायचे तर 30 मिलिग्रॅम पुरतात. एका ग्रॅमच्या चुऱ्यात तीसहून अधिक पिशव्या भागतात. हजारो पिशव्यांसाठीही लागणारे सोने शंभर-दोनशे ग्रॅमच्या हिशेबातले, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी घरातल्या लग्नात अंगावर दिसते तेवढेच. सुरुवातीला सोन्याचा कीस वापरला गेला आणि नंतर नदीच्या वाळूतून मिळवलेले सोने. नदीतले सोने घासून गोलसर झालेले असते आणि त्याच्या कडांमधली चांदी निघून गेलेली असते. खडकातल्या सोन्याला असे रूप नसते. सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसत होते. पण जो तो साठ्याच्या आकाराने भारावलेला असताना त्या कणांसाठी भूवैज्ञानिक स्पष्टीकरणे शोधली गेली.

त्याहून उघड खूण म्हणजे चिरून न ठेवलेला कोअर. अर्धा भाग राखून ठेवण्याची रीत मोडून ब्री-एक्स जवळजवळ संपूर्ण कोअर भरडायला पाठवत होती. सोने विखुरलेले असल्याने मोठा नमुना लागतो, हे कारण वरकरणी पटण्याजोगे होते. परिणाम असा की बाहेरच्या माणसाला ताडून पाहायला काही शिल्लकच राहिले नाही. पिशव्या थेट प्रयोगशाळेत जात नसत. त्या जंगलातून नदीमार्गे समारिंदाला येत, तिथे काही काळ पडून राहत आणि मग बालिकपापनच्या प्रयोगशाळेत पोचत. प्रयोगशाळेने मोजले ते अचूकच मोजले. तिच्या हाती आलेली पिशवी खोटी होती. त्यातच जानेवारी 1997मध्ये बुसांगच्या तळावर आग लागून बऱ्याच नोंदी जळाल्या.

नुकसान कुणाचे झाले? शेअरमध्ये हात घातलेल्या हौशी लोकांचे तर झालेच. पण ओंटारिओच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीचे सुमारे दहा कोटी डॉलर, क्युबेकच्या सार्वजनिक निवृत्तिवेतन निधीचे सुमारे सात कोटी आणि ओंटारिओच्या नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या निधीचे साडेचार कोटी डॉलरही गेले. ज्यांनी आयुष्यात ब्री-एक्सचे नाव ऐकले नव्हते, अशा शाळामास्तरांचेही पैसे बोर्निओच्या चिखलात रुतले. शिक्षा कुणालाच झाली नाही. वॉल्श 1998मध्ये बहामामध्ये वारले. पोलिसांनी 1999मध्ये तपास आरोपपत्राविना बंद केला. फेल्डरहॉफ यांच्यावर आतल्या माहितीच्या आधारे कोट्यवधींचे शेअर विकल्याबद्दल ओंटारिओच्या बाजार नियामकाने खटला चालवला, त्यातून ते 2007मध्ये निर्दोष सुटले.

नियम आले, धोका राहिला

या प्रकरणानंतर कॅनडाने 2001मध्ये ‘नॅशनल इन्स्ट्रुमेंट 43-101’ हा नियम लागू केला. साठ्याविषयी बाजारात काहीही सांगायचे तर ते पात्र व्यक्तीने तपासलेले असावे, अशी अट आली. ही व्यक्ती पदवीधर, अनुभवी आणि व्यावसायिक संघटनेची सदस्य असावी लागते. तांत्रिक अहवालासाठी पात्र व्यक्तीला जागेवर जाऊन पाहावे लागते. ऑस्ट्रेलियाने अशी संहिता 1989मध्येच आणली होती. त्यामागे तिथल्या पोसायडन कंपनीच्या निकेलचा कटू अनुभव होता. 1969च्या सप्टेंबरात डॉलरच्याही आत असलेला तिचा शेअर फेब्रुवारी 1970मध्ये 280 डॉलरवर गेला आणि नंतर आपटला. तिथे निकेल होते, पण भावाला साजेसे नव्हते.

नियमांमुळे शब्दांना अर्थ आला. साठा अनुमानित, दर्शित की मोजलेला, हे आता सांगावे लागते. अनुमानित म्हणजे विरळ बोअरांवरून बांधलेला अडाखा. त्यावर खाणीचा पक्का हिशेब मांडता येत नाही. आणि यांपैकी कुठलाही साठा फायद्यात काढता येईल हे दाखवून दिल्याशिवाय त्याला राखीव साठा म्हणता येत नाही. बातमीत कोट्यवधी औंस असतील, तर ते कुठल्या रकान्यातले हा पहिला प्रश्न. नियमांनी खोट्या नमुन्यांना बऱ्यापैकी आळा बसला. पण खरा नमुना, प्रामाणिक भूवैज्ञानिक आणि तरीही बुडालेला भागधारक हे चित्र कुठल्याच नियमाने बदललेले नाही. त्याचे मोठे कारण बुसांगहून कितीतरी निरस आहे.

समजा, एका ज्युनिअर कंपनीचे तीन कोटी शेअर आहेत आणि तीन लाख तुमच्याकडे आहेत. म्हणजे तुमचा वाटा एक टक्का. दरवर्षी ड्रिलिंगसाठी कंपनी दोन कोटी नवे शेअर विकते. घेणाऱ्याला गोडी लागावी म्हणून दर दोन शेअरमागे एक वॉरंट देते, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे आणखी एक शेअर घेण्याचा हक्क. पाच वर्षांत दहा कोटी नवे शेअर आणि पाच कोटी वॉरंट. वॉरंट वापरले गेले की एकूण शेअर अठरा कोटी. तुमचे तीन लाख तसेच, वाटा मात्र आधीच्या सहाव्या हिश्श्यावर. साठ्याचे मोल या काळात सहापट वाढले, तर तुम्ही जिथे होता तिथेच आहात. तेवढे न वाढल्यास साठा खरा असूनही तुम्ही तोट्यात.

कॅनडात अशा खासगी विक्रीतले शेअर साधारणपणे चार महिने विकता येत नाहीत. पाचव्या महिन्यात अनेक जण शेअर विकून मुद्दल मोकळे करतात आणि वॉरंट फुकटात खिशात ठेवतात. त्याच सुमारास उत्साहवर्धक बातम्यांचा आणि पैसे देऊन लिहून घेतलेल्या शिफारशींचा पाऊस पडत असेल, तर शेअर कोण विकतो आहे आणि कोण घेतो आहे, हे ओळखायला भूविज्ञान यावे लागत नाही.

जमीन दुसऱ्याची

साठा खरा निघाला तरी तो कुठल्यातरी सरकारच्या मुलखात असतो. क्रिस्टॅलेक्स या कॅनेडियन कंपनीने व्हेनेझुएलातल्या लास क्रिस्तिनास या सोन्याच्या साठ्यावर वर्षानुवर्षे खर्च केला. 2008मध्ये पर्यावरण परवानगी नाकारली गेली आणि 2011मध्ये करारच रद्द झाला. त्याच वर्षअखेरीस कंपनीने धनकोंपासून संरक्षण मागितले. 2016मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने तिच्या बाजूने 1.2 अब्ज डॉलर आणि त्यावर व्याजाचा निवाडा दिला, पण वसुलीसाठी अमेरिकी न्यायालयांत वर्षानुवर्षे झगडावे लागले. असा पैसा आला तरी आधी धनको आणि खटल्याला पैसा पुरवणारे यांचा हात, भागधारक शेवटी.

नोकरी धरणाऱ्याचे काय?

गुंतवणूकदार पैसा लावतो, काम करणारा आयुष्याची वर्षे. ज्युनिअर कंपनीतली नोकरी तरुण भूवैज्ञानिकाला आकर्षक वाटते, आणि त्याला कारण आहे. बड्या कंपनीत पाच वर्षांनी मिळते ती जबाबदारी इथे पहिल्याच हंगामात पडते. पण कंपनीचे पैसे शेअर बाजारातून येतात, त्यामुळे नोकरीची मुदतही शेअर बाजारच ठरवतो. सोने-तांब्याचे भाव पडले, नवे शेअर विकले जाईनासे झाले, की आधी ड्रिलिंगचे यंत्र थांबते, मग तळ उठतो. सगळी कपात एकाच वेळी, सगळ्याच कंपन्यांत होते. त्यामुळे एकीकडून सुटलेल्याला दुसरीकडे दार उघडे सापडत नाही.

पगाराचा काही भाग बहुधा ऑप्शनच्या रूपात देऊ केला जातो. कंपनीचा शेअर आजच्या भावाने पुढे विकत घेण्याचा हा हक्क. नोकरी सुटल्यावर तो सहसा 90 दिवसांत संपतो. म्हणजे बाजार पडून तळ उठला की नोकरी आणि ऑप्शनची किंमत दोन्ही एकदमच जातात. शिवाय आपली बचतही त्याच शेअरमध्ये ठेवणारे अनेक असतात. त्यांचे तिन्ही आधार एकाच खुंटीला टांगलेले.

जिवाची जोखीम वेगळीच. मलेरियाचा मुलूख, लहान विमाने, ओबडधोबड धावपट्ट्या, दवाखाना दिवसभराच्या वाटेवर. 19 जून 2010 रोजी सनडान्स रिसोर्सेस या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या माणसांना घेऊन कॅमेरूनच्या याउंदे शहरातून काँगोकडे निघालेले भाड्याचे छोटे विमान जंगलात कोसळले. विमानातले अकराही जण गेले. त्यांत कंपनीचे संपूर्ण संचालक मंडळ होते. ते आपल्या लोहखनिजाच्या प्रकल्पाकडे निघाले होते. तो प्रकल्प सनडान्सच्या हातून कधीच उभा राहिला नाही. पुढे 2020मध्ये काँगो सरकारने परवानाच काढून घेतला.

शेवटची जोखीम सहीची. पात्र व्यक्ती म्हणून अहवालावर सही करणारा भूवैज्ञानिक त्यातल्या आकड्यांना व्यक्तिशः जबाबदार असतो. वरिष्ठांना बातमी लवकर हवी असते, बाजार वाट पाहत असतो आणि सगळा ताण येऊन पडतो त्या एका माणसावर. नमुन्यांची पिशवी आपल्यासमोर शिवली गेली नसेल आणि राखीव कोअर आपण पाहिला नसेल, तर सही करू नये. नोकरी गेली तर दुसरी मिळते, व्यावसायिक नोंदणी गेली तर ती परत मिळणे फार अवघड.

आणि ज्यांनी ना शेअर घेतला ना नोकरी, त्यांनाही बिल येते. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात समिटव्हिल इथे गॅलॅक्टिक रिसोर्सेस या कॅनेडियन कंपनीने सायनाइडच्या साहाय्याने सोने काढले. डिसेंबर 1992मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली आणि विषारी पाणी सरकारच्या गळ्यात टाकले. सफाईचा खर्च पंधरा कोटी डॉलरच्या वर गेला, त्यातला मोठा वाटा करदात्यांनी उचलला.

मग या कंपन्या हव्यातच कशाला?

गंमत अशी की त्याच गॅलॅक्टिकच्या प्रमुखपदी राहिलेले रॉबर्ट फ्रीडलंड पुढे डायमंड फील्ड्स या दुसऱ्या ज्युनिअर कंपनीत होते. 1993मध्ये या कंपनीसाठी कॅनडाच्या लॅब्राडॉरमध्ये हिरे शोधायला गेलेल्या दोघांना व्हॉइसीज बे इथे निकेल-तांब्याचा प्रचंड साठा लागला. 1996मध्ये इन्को या बड्या कंपनीने तो 4.3 अब्ज कॅनेडियन डॉलरना घेतला. सुरुवातीच्या भागधारकांचे सोने झाले. कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेत चक फिप्की यांनी वर्षानुवर्षे खनिजांचा माग काढत 1991मध्ये हिऱ्यांचा साठा गाठला, त्यातून एकाटी ही कॅनडातली पहिली हिऱ्यांची खाण 1998मध्ये सुरू झाली. असे यश खरे असते, म्हणूनच उरलेल्यांची जाहिरात खपते.

भारतालाही आता या यशाचा वाटा हवा आहे. खाण व खनिज कायद्यात 2023मध्ये दुरुस्ती होऊन लिथियम, तांबे, सोने, निकेल यांसारख्या 29 महत्त्वाच्या आणि खोलवरच्या खनिजांसाठी शोध-परवाना आला. ज्युनिअर कंपन्यांना भारतात आणणे हा त्यामागचा एक जाहीर हेतू. अशा 13 ब्लॉकच्या पहिल्या लिलावाची सुरुवात मार्च 2025मध्ये गोव्यात झाली. मात्र इथे एक महत्त्वाचा फरक आहे. शोध लावणाऱ्याला खाणपट्टा आपोआप मिळत नाही. सरकार पट्ट्याचा लिलाव करते आणि लिलाव जिंकणारा जो अधिमूल्याचा पैसा भरतो, त्यातला ठरलेला हिस्सा शोधकाला मिळतो. म्हणजे कमाई दुसरे कुणीतरी लिलावात उतरण्यावर आणि खाण चालवण्यावर अवलंबून. धोरण बदलण्याची भीतीही पुस्तकी नाही. 2015 आणि 2021च्या दुरुस्त्यांनी खाणपट्ट्यांचे नियम बदलले आणि जुन्या व्यवस्थेतले अनेक प्रलंबित हक्क संपुष्टात आले. वर्षानुवर्षे शोधावर खर्च केलेल्यांना त्याचा फटका बसला.

मराठी वाचकाशी या सगळ्याचा संबंध दोन वाटांनी येतो. भारतीय खाण ब्युरो आणि केंद्र सरकारची खनिज-शोध कंपनी यांची मुख्यालये नागपुरात आहेत, त्यामुळे भूविज्ञान शिकलेल्या इथल्या मुलामुलींपुढे हे क्षेत्र करिअर म्हणून येणारच. दुसरी वाट मोबाइलची. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि परदेशी शेअर घेणे आता काही मिनिटांचे काम आहे. ‘लिथियमचा पुढचा राजा’ अशा मथळ्याचे संदेश ज्या गतीने फिरतात, त्या गतीने कंपनीचा ताळेबंद फिरत नाही.

तेव्हा पैसा घालणाऱ्याने निदान चार गोष्टी विचाराव्यात. कंपनीचे शेअर पाच वर्षांपूर्वी किती होते आणि आज किती आहेत? बँकेतली रक्कम सध्याच्या खर्चाने किती महिने पुरेल? साठा कुठल्या वर्गातला आहे आणि त्यावर सही कुणाची? संचालकांनी स्वतःचे पैसे किती घातले आणि गेल्या वर्षात किती शेअर विकले? ही उत्तरे कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या नोंदणीकृत कंपन्यांच्या जाहीर कागदपत्रांत फुकट मिळतात. ती वाचायला कंटाळा येत असेल, तर हा शेअर आपल्यासाठी नाही. काम करणाऱ्याने पगार रोखीत मागावा, ऑप्शनला बोनस समजावे, विमा आणि आणीबाणीत बाहेर काढण्याची सोय करारात लिहून घ्यावी आणि बचत वेगळ्या जागी ठेवावी.

भविष्यनिर्वाह निधी, मुलांच्या शिक्षणाची पुंजी किंवा घर विकून आलेला पैसा यांतला एक रुपयाही ज्युनिअर कंपनीत जाऊ नये. जो पैसा पूर्ण बुडाला तरी घरातल्या कुणाला सांगावेसे वाटणार नाही, इतकाच या धंद्यात घालावा.